विमा दवाखान्यापुरता, मधुमेह रोजचा: तुटपुंज्या संरक्षणात घरचा मधुमेह कसा सांभाळावा

आरोग्य विम्याची रचना मुळात एखाद्या प्रसंगासाठी झालेली आहे. हाड मोडते, शस्त्रक्रिया करावी लागते, हृदयविकाराचा झटका येतो, रुग्ण दाखल होतो, बिल तयार होते आणि त्या बिलाचा भार विमा कंपनी उचलते. मधुमेहाचा खर्च असा एका बिलात मावत नाही. गोळ्या, इन्शुलिन, सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, डॉक्टरांची फी, रक्तलघवीच्या तपासण्या हे सगळे दर महिन्याला थोडे थोडे खिशातून जात राहते, आणि ज्या पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचारांचा समावेश नसतो तिच्या लेखी हा खर्च घडलेलाच नसतो. त्यामुळे मधुमेह असलेल्या घराला एक गणित विम्याचे आणि एक घरच्या पैशाचे, अशी दोन गणिते सांभाळावी लागतात. माझ्या मते अधिक डोके दुसऱ्या गणितात घालायला हवे, कारण घरी योग्य ठिकाणी खर्च झालेला पैसाच रुग्णालयाचे मोठे बिल लांबवतो. तरीही पहिले गणित आधी उरकून घेऊ.

पॉलिसीचे पहिले पान, ज्यावर विम्याची रक्कम ठळक अक्षरांत छापलेली असते, ते सर्वांत कमी उपयोगाचे असते. खरा मजकूर वगळलेल्या बाबींच्या आणि मर्यादांच्या पानांवर असतो. विमा घेण्यापूर्वीच मधुमेह असेल तर तो ‘आधीपासूनचा आजार’ ठरतो आणि अनेक पॉलिसींमध्ये त्यासाठी प्रतीक्षा कालावधी असतो. म्हणजे हप्ता भरणे सुरू झाले तरी ठरावीक काळ त्या आजाराशी संबंधित दावे स्वीकारले जात नाहीत. ‘संबंधित’ हा शब्द इथे फार पसरट आहे. मूत्रपिंड, डोळ्याचा पडदा, पायाची जखम, हृदय यांपैकी कशाचाही संबंध मधुमेहाशी जोडता येतो, म्हणून पॉलिसीत कोणकोणती गुंतागुंत त्या कालावधीत धरली आहे हे लेखी विचारून घ्यावे. त्यानंतर सह-भरणा, म्हणजे बिलाचा जो ठरावीक टक्का रुग्णाने भरायचा तो. वजावट, म्हणजे जी रक्कम ओलांडल्यावरच विमा सुरू होतो ती. आणि उपमर्यादा, म्हणजे खोलीभाडे किंवा एखाद्या शस्त्रक्रियेसाठी घातलेली वेगळी कमाल मर्यादा. कुटुंबाचा सामायिक विमा असेल तर एकाच्या दीर्घ मुक्कामात सगळ्यांची रक्कम संपू शकते, आणि घरात दोघे मधुमेही असतील तर ही शक्यता दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

दावे फेटाळले जाण्याचे एक कारण अगदी क्षुल्लक वाटावे असे आहे. रात्रीच्या वेळी रुग्णाला दाखल करताना सोबतच्या माणसाला विचारले जाते, “शुगर कधीपासून आहे?” तो धावपळीत म्हणतो, “झाली की दहाएक वर्षे.” ते वाक्य केसपेपरवर उतरते. पुढे दाव्याची छाननी करणारा माणूस पॉलिसी सहा वर्षांपूर्वीची आणि आजार दहा वर्षांपूर्वीचा, असा हिशेब मांडतो आणि माहिती लपवल्याचा शेरा मारतो. प्रत्यक्षात निदान पाच वर्षांपूर्वीचे असते. म्हणून ज्या अहवालात साखर प्रथम वाढलेली आढळली तो अहवाल, त्याची तारीख आणि त्या वेळची चिठ्ठी पॉलिसीसोबत एकाच फायलीत असावी, आणि दाखल करायला जो जाईल त्याला ती तारीख ठाऊक असावी. याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे: अर्जात मधुमेह लपवू नये. काही वर्षे हप्ते भरून ऐन वेळी दावा नाकारला जाणे, हा विमा नसण्यापेक्षाही महागडा प्रकार आहे.

आता घरच्या पैशाकडे वळू. पैसा मर्यादित असेल तेव्हा प्रत्येक गोष्टीवर थोडा थोडा खर्च करण्याकडे कल असतो आणि तिथेच चूक होते. मधुमेहात कशाने किती फायदा होतो याचा चांगला अभ्यास झालेला आहे. ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात टाइप २ मधुमेहाच्या (ज्यात शरीर इन्शुलिन बनवते, पण ते पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही) नव्या रुग्णांमध्ये साखरेवर कडक नियंत्रण ठेवल्याने डोळे, मूत्रपिंड यांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंतीत २५ टक्के घट दिसली. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात रक्तदाबावर कडक नियंत्रण ठेवलेल्या गटात सूक्ष्म रक्तवाहिन्यांची गुंतागुंत ३७ टक्क्यांनी, पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. हे आकडे मुद्दाम शेजारीशेजारी ठेवले आहेत. घरात सगळ्यांचे लक्ष साखरेच्या आकड्यावर खिळलेले असते आणि रक्तदाबाची गोळी मात्र “बरे वाटते आहे” म्हणून बंद होते. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या जुन्या, पेटंट संपलेल्या गोळ्या मधुमेहाच्या कित्येक नव्या औषधांपेक्षा खूप स्वस्त असतात. कमी पैशात सर्वाधिक संरक्षण मिळण्याची जागा हीच आहे. तंबाखू सोडणे तर पैसे वाचवणारा उपचार आहे.

साखरेच्या गोळ्यांमध्ये मेटफॉर्मिन हे जुने, जेनेरिक स्वरूपात सर्वत्र मिळणारे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतले औषध आहे. पॅरिसमधील डॉक्टर ज्याँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मधुमेहावरील त्याच्या वापराचे निष्कर्ष मांडले. औषध जुने आहे म्हणून कमी प्रतीचे, असा समज निदान या बाबतीत बाजूला ठेवावा. वर्षानुवर्षे घेतल्यास त्याने काहींच्या शरीरातील ब१२ जीवनसत्त्व कमी होते आणि पायांना मुंग्या येतात. त्याला मधुमेहाचा मज्जातंतूंवरील परिणाम समजून भलतेच उपचार सुरू होण्याआधी ब१२ एकदा तपासून घ्यावे. सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्याही जुन्या आणि स्वस्त आहेत, परंतु त्या साखर गरजेपेक्षा खाली नेऊ शकतात, म्हणून वृद्धांना आणि मूत्रपिंड अशक्त असलेल्यांना त्या देताना डॉक्टर जपून असतात. नवी महाग औषधे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. एसजीएलटी२ गटातील, म्हणजे जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या औषधांचा फायदा हृदय निकामी होत असलेल्या किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या रुग्णांना साखरेच्या पलीकडे जाऊन मिळतो, आणि अशा रुग्णासाठी दुसरा एखादा खर्च कमी करून ती घेणे शहाणपणाचे ठरू शकते. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा असावा: “या चिठ्ठीतले कोणते औषध बंद पडून चालणार नाही, आणि कशाला स्वस्त पर्याय आहे?” हा प्रश्न विचारण्याचा संकोच फार महागात पडतो, कारण न विचारणारी माणसे औषधे परस्पर अर्धी करतात आणि डॉक्टर मात्र औषध लागू पडत नाही असे समजून आणखी एक गोळी वाढवतात.

पट्ट्यांचा हिशेब थोडा तपशिलात पाहण्यासारखा आहे, कारण इथे पैसाही वाया जातो आणि माहितीही. आमच्या वडिलांची एक वही होती. रोज पहाटे उठल्यावर पट्टी लावायची आणि आकडा लिहायचा. ११२, ११८, ११०, ११५, अशी पानेच्या पाने सुबक भरलेली. तिमाही तपासणीत एचबीए१सी मात्र ८.४ टक्के आले. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण; या पेशी सुमारे चार महिने जगतात, त्यामुळे हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरीची कल्पना देतो. त्याला २८.७ ने गुणून ४६.७ वजा केले की सरासरी साखर मिळते. ८.४ साठी ती साधारण १९४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर भरते. वही सांगत होती ११५ आणि रक्त सांगत होते १९४. वही खोटी नव्हती. ती दिवसातल्या एकाच, सर्वांत सोज्वळ वेळेची होती. पुढच्या आठवड्यात पहाटेच्या पट्ट्या बंद करून तेवढ्याच पट्ट्या जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशा जोडीने, आज दुपारी तर परवा रात्री, लावल्या तेव्हा रात्रीच्या जेवणानंतरचा आकडा २४० च्या पुढे जातो हे दिसले आणि उपचार कुठे बदलायचा ते डॉक्टरांना कळले. खर्च तेवढाच राहिला.

इन्शुलिन न घेणाऱ्या टाइप २ रुग्णांनी रोज पट्टी लावलीच पाहिजे, असे नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत अशा ४५० रुग्णांपैकी रोज घरी तपासणी करणारे आणि अजिबात न करणारे यांच्या एचबीए१सीमध्ये वर्षअखेर लक्षणीय फरक आढळला नाही. औषध बदलल्यावर, आजारपणात किंवा वरच्यासारखे कोडे सोडवायचे असेल तेव्हा पट्ट्या वापराव्यात आणि एरवी तो पैसा एचबीए१सीकडे वळवावा: साखर आटोक्यात असेल तर वर्षातून दोनदा, नसेल किंवा उपचार बदलला असेल तर दर तीन महिन्यांनी. रक्तक्षय किंवा तांबड्या पेशींचा काही विकार असेल तर मात्र हा आकडा फसवू शकतो, हे डॉक्टरांना आठवण करून द्यावे. इन्शुलिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या पट्ट्यांमध्ये काटकसर करू नये. घरात पट्ट्या थोड्या असतील तर त्यांचा पहिला हक्क इन्शुलिन घेणाऱ्याचा.

वर्षातून एकदा करायच्या तपासण्यांची यादी छोटी आहे: मूत्रपिंडासाठी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, बाहुली मोठी करून केलेली डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि पायांची संवेदना. ‘संपूर्ण मधुमेह पॅकेज’ या नावाने विकल्या जाणाऱ्या लांबलचक तपासण्यांमध्ये याच्या बाहेरचे बरेच काही असते आणि पुष्कळदा यातले डोळे आणि पाय तेवढे नसतात. मधुमेहींसाठी म्हणून विकली जाणारी पूरक चूर्णे, खास डबाबंद पदार्थ आणि साखर मुळासकट घालवण्याची हमी देणारी औषधे यांवरचा खर्च सर्वप्रथम बंद करावा.

पायांना तर पैसेही लागत नाहीत. रोज रात्री उजेडात बसून तळवे पाहायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यात पाहायचे. बोटांच्या बेचक्यांत ओल किंवा चीर आहे का, टाचेला भेग पडली आहे का, एखादा भाग लाल किंवा गरम आहे का, कालच्या चपलेचा वळ उठला आहे का, एवढेच पाहायचे असते. संवेदना गेलेल्या पायात खडा रुतला तरी दुखत नाही, आणि न दुखणारी जखमच चिघळून हाडापर्यंत जाते. पाय कापावा लागण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रवास बहुधा अशा एखाद्या क्षुल्लक फोडापासून सुरू झालेला असतो. ज्यांना दिसायला कमी झाले आहे त्यांचे पाय घरातल्या दुसऱ्या कोणी पाहावेत; नातवंडे हे काम आनंदाने करतात.

इन्शुलिनची गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. टोरंटोमध्ये १९२१ मध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्शुलिन वेगळे काढले गेले, जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा मधुमेही मुलाला टोचले गेले, आणि शोधकर्त्यांनी त्याचे पेटंट टोरंटो विद्यापीठाला १ डॉलर अशा नाममात्र किमतीला देऊन टाकले. शंभर वर्षांनंतरही त्याच्या किमतीमुळे मात्रा चुकवणारी माणसे आहेत, ही या इतिहासातली बोचरी बाब आहे. टाइप १ मधुमेहात शरीर इन्शुलिन जवळपास बनवतच नाही. मात्रा चुकली की काही तासांत रक्तात किटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ साठू लागतात आणि एका दिवसात अतिदक्षता विभागाची वेळ येऊ शकते. पुरवून पुरवून वापरणे हा इथे पर्यायच नाही. परवडत नसेल तर प्रकार बदलण्याबद्दल बोलावे: रेग्युलर आणि एनपीएच ही जुनी मानवी इन्शुलिने बहुतेक ठिकाणी नव्या, रेणूत थोडा बदल करून बनवलेल्या अ‍ॅनालॉग इन्शुलिनांपेक्षा स्वस्त असतात आणि अनेक रुग्णांचे त्यांच्यावर उत्तम चालते. फक्त हा बदल स्वतःहून करू नये. रेग्युलर इन्शुलिन जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्यावे लागते, जलद अ‍ॅनालॉग जेवायला बसताना. एनपीएचचा जोर काही तासांनी चढतो आणि रात्री घेतलेले असेल तर पहाटेच्या झोपेत साखर उतरू शकते. मात्रा आणि वेळा दोन्ही नव्याने ठरवाव्या लागतात.

स्वस्त पर्यायाकडे जाताना, म्हणजे इन्शुलिन पेनऐवजी कुपी आणि सिरिंज वापरताना, एक धोका अगदी हातात असतो. कुपीवर १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट असे लिहिलेले असते आणि सिरिंजही त्या त्या मापाच्याच मिळतात. समजा २० युनिटची मात्रा आहे. १०० युनिटची कुपी आणि ४० च्या मापाची सिरिंज असेल, तर २० च्या रेषेपर्यंत अर्धा मिलिलिटर भरतो आणि अंगात ५० युनिट जातात. उलट जोडी झाली, म्हणजे ४० ची कुपी आणि १०० ची सिरिंज, तर त्याच रेषेला फक्त ८ युनिट मिळतात. पहिल्या चुकीत रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. दुसरीत साखर चढत राहते आणि इन्शुलिन खराब निघाल्याचा संशय येतो. कुपी आणि सिरिंज यांवरचा आकडा दर खरेदीला जुळवून पाहावा.

इन्शुलिन वाया न जाऊ देणे हीसुद्धा बचतच आहे. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही, कारण गोठलेले इन्शुलिन निकामी होते. उघडल्याची तारीख कुपीवर पेनाने लिहावी. बहुतेक इन्शुलिने उघडल्यावर साधारण चार आठवडे चालतात, नेमकी मुदत आतल्या कागदावर असते. रोज एकाच जागी टोचत राहिल्यास तिथे कातडीखाली मऊ गाठ धरते. तिथे दुखत नाही, म्हणून रुग्णाला तीच जागा आवडते, पण त्या गाठीतून इन्शुलिन बेभरवशाने शोषले जाते आणि मात्रा विनाकारण वाढत जाते. जागा बदलत राहणे फुकट आहे आणि कित्येकदा महिन्याची कुपी अधिक दिवस पुरवते. एका घरात दोघे मधुमेही असले तरी पेन, सुई आणि बोट टोचण्याचे उपकरण प्रत्येकाचे वेगळेच असावे. सुई बदलली तरी पेन दुसऱ्याला चालत नाही, कारण त्यातून रक्तामार्गे संसर्ग पसरू शकतो. एकमेकांच्या गोळ्या घेणे हा प्रकार तर घराघरांत चालतो आणि तो थांबायला हवा, कारण एकाला सोसणारी मात्रा दुसऱ्याची साखर धोक्याच्या खाली नेऊ शकते.

साखर ७० च्या खाली गेली, घाम आणि थरथर सुटली, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साधारण तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि तरी कमीच असेल तर पुन्हा द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. तेव्हा रुग्णालयच गाठावे. उलट्या-जुलाब किंवा ताप असताना इन्शुलिन बंद करू नये, मात्र मेटफॉर्मिन आणि एसजीएलटी२ गटातील गोळ्या अशा वेळी थांबवाव्या लागू शकतात. आपल्या बाबतीत काय करायचे हे धडधाकट असतानाच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. हा एक कागद रात्री-अपरात्रीची धावपळ आणि दोन-तीन दिवसांचा मुक्काम वाचवू शकतो.

शेवटी, घरातली ज्यांना अजून काही झालेले नाही ती माणसे. टाइप २ मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या भावंडांना आणि मुलांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि त्यांची एक उपाशीपोटीची रक्ततपासणी हा या सगळ्या हिशेबातला सर्वांत लहान खर्च आहे. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक, हे आकडे मधुमेहाचे. लक्षणे नसतील तर पुन्हा तपासून खात्री केली जाते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषानुसार उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले: वजनात सुमारे ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम हे लक्ष्य दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, मेटफॉर्मिन दिलेल्या गटात ३१ टक्क्यांनी. घरातल्या मधुमेही माणसासाठी स्वयंपाकात जो बदल करायचा तो सगळ्यांसाठीच केला, तर वेगळा स्वयंपाकही करावा लागत नाही आणि या माणसांचेही काम होते.

ज्यांचे आकडे आज सरळ आहेत त्यांनी स्वतःचा विमा घ्यायचा असेल तर तो आताच घ्यावा, कारण आजार त्यानंतर उद्भवला तर तो आधीपासूनचा ठरत नाही. मात्र रक्तातील साखर पूर्वी कधी वाढलेली आढळली आहे का, असा प्रश्न अर्जात असेल, तर उंबरठ्यावरचा अहवालही त्यात तारखेसह लिहावाच लागतो.